विल्हेवाट

कोर्टाच्या तळघरात, बॉयलरला चिकटलेल्या खोलीत
मी निविदा उघडते. व्हर्ना स्टिल्टनर, खरेदी विभाग.
दुपारी दोन म्हणजे दोन.
भिंतीवरचं घड्याळ काउंटीचं आहे,
त्याच्या पाठीलाही मालमत्ता क्रमांकाचा बिल्ला आहे.

चार पाकिटं वेळेत आली.
पाचवं दोन वाजून चार मिनिटांनी.
पुलाअलीकडे कोळशाची मालगाडी आडवी उभी होती,
आणणारा पोऱ्या धापा टाकत म्हणाला,
आमचा दर सगळ्यांत कमी आहे, बाई.
मी शिक्का मारला: उशिरा प्राप्त, न उघडता परत.
चार मिनिटांत काय काय होतं, हे मला माहीत आहे.
पण ते शिक्क्यावर मावत नाही.

वस्तूचं वर्णन: नॅलोक्सोन, नाकात मारायचा फवारा,
चार मिलिग्रॅम, दोन नगांची पेटी, बाराशे पेट्या.
माल उतरेल त्या दिवशी
किमान अठरा महिन्यांची मुदत शिल्लक असावी.
उत्पादकाचं अधिकारपत्र शाईच्या सहीचं असावं,
छायाप्रत चालणार नाही.
रस्त्यात तापलेला माल घेतला जाणार नाही.

आणि एक कलम मी स्वतः घातलं होतं, अकरावं:
पुरवठादारानं लिहून द्यावं
की तो, किंवा त्याला जन्म देणारी कंपनी,
गोळ्यांच्या खटल्यात प्रतिवादी नव्हती.
वकील मिस्टर गँट यांनी पेन्सिलनं काट मारली.
अशानं स्पर्धा आटते, म्हणाले.
चष्मा पुसत म्हणाले, आणि तो बराच वेळ पुसत राहिले.

तेव्हा कंत्राट ब्लू लॉरेल मेडिकलला.
त्यांच्या आईनं आमच्या खोऱ्यात
माणशी किती गोळ्या ओतल्या, ते निकालपत्रात आहे.
तडजोडीचे पैसे तिनं भरले,
त्याच पैशांतून आम्ही तिच्या लेकीकडून औषध घेतो.
हिशेब चोख आहे. मी दोनदा तपासला.

खरेदीआधी मलाही एक फॉर्म भरावा लागतो:
आपला कुणी नातेवाईक सदर वस्तूचा लाभार्थी आहे काय?
मी लिहिलं, नाही.
तीन वर्षांपूर्वी विचारलं असतं
तर होय लिहून मला बाजूला बसावं लागलं असतं.
वेड तेव्हा एकवीसचा होता.
फॉर्म वर्तमानकाळात विचारतो.

पुरवठ्याला सहा आठवडे.
कपाटात उरल्या बावीस पेट्या, मुदत मार्चअखेर संपलेली.
नियम म्हणतो, मुदतबाह्य साठ्याची विल्हेवाट लावावी,
दोन साक्षीदारांसमक्ष, रजिस्टरात नोंद करून.
लावावी म्हणतो. कुठे, ते म्हणत नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या शुक्रवारी त्या पेट्या
मी डब्याच्या पिशवीत घालून नेल्या,
वर सफरचंदं ठेवली, चोरट्यासारखी.
सहा पेट्या वाचनालयातल्या ऑरीनकडे, जो फरशी पुसतो
आणि संडासाचं दार किती वेळ बंद आहे ते मोजतो.
बाकीच्या पेट्रोल पंपावरच्या टेसा प्रॅटरकडे.
ती म्हणाली, ह्याची तारीख गेलीय.
मी म्हटलं, हो.
तिनं पेट्या सिगारेटींच्या फळीखाली सरकवल्या
आणि मला कॉफीचे पैसे लावले नाहीत.

रविवारी रात्री तिचा फोन आला.
लाल ट्रक, पंप क्रमांक तीन, ओठ निळे.
एक फवारा मारला, काही नाही.
दुसरा मारला.
मग तो उठून बसला आणि तिला शिव्या घालू लागला.
इतक्या घाण शिव्या, व्हर्ना, ती रडत सांगत होती,
इतक्या घाण.

सोमवारी रजिस्टर उघडलं.
नग: एक पेटी. कारण: मुदत संपली.
विल्हेवाटीची पद्धत: या रकान्यात
जाळली, पुरली, पुरवठादारास परत,
यांपैकी एकावर खूण करायची असते.
मी बराच वेळ पेन धरून बसले.
बॉयलर चालू झाला, बंद झाला.
साक्षीदार एक: टी. प्रॅटर.
दुसऱ्या साक्षीदाराचं नाव मला माहीत नाही.
ट्रकचा नंबर लिहिला आहे.